गॅस पास झाला जी

माझ्या सासूबाईंनी माझ्यावर विष घातल्याचा आळ घेतला, तो मंगळवार होता. सकाळचे आठ वाजले असतील. मी अंगणवाडीत जायला निघाले होते, साडीला पिन लावत होते, आणि त्या ओसरीवर पोट दाबून बसल्या होत्या. कुंपणापलीकडे बायजाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाई म्हणाल्या, "बायजा, आयकून ठेव वो. काल ईनं लाखोरीच्या भाजीत काईतरी घातलं. पोटात मुरडा उठून रायला. मी मेली त ध्यानात ठेवजो."

तीच भाजी मी दोनदा वाढून घेतली होती. पण आमच्या घरात पुराव्याला काही किंमत नाही, संशयाला आहे.

ऐकणाऱ्याला हसू येईल. मला आलं नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातली चाळीस लेकरं रोज माझ्या देखरेखीखालची खिचडी खातात. जी बाई घरात सासूला विष घालते तिच्याकडे कोण आपलं लेकरू पाठवेल? आणि खरंच सासूबाईंचं काही बरंवाईट झालं असतं, तर ते शेवटचं वाक्य गावाने जन्मभर माझ्या कपाळाला चिकटवलं असतं.

सासूबाईंचं नाव लीलाबाई. वय पासष्टच्या आसपास; नक्की आकडा त्या कोणालाच सांगत नाहीत, कारण आकडा कळला की लोक त्याचा उपयोग करतात असं त्यांचं मत आहे. आमचं गाव इटियाडोहच्या कालव्याला लागून, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नवरा, म्हणजे रत्नपाल, गोंदियाला तांदळाच्या मिलमध्ये कामाला आणि रविवारी घरी. उरलेले सहा दिवस घरात मी आणि त्या.

त्यांच्या संशयाच्या गोष्टी सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. धान भरडायला नेलं की त्या गिरणीत पोत्याशेजारी बसून राहतात, आपला तांदूळ दुसऱ्याच्या पोत्यात जाईल म्हणून. बुद्धविहारात वंदनेला जाताना चपला पिशवीत घालून पिशवी मांडीवर ठेवतात. एकदा भंतेजींनी सौम्यपणे म्हटलं, "लीलाबाई, इथे कोण नेणार?" तर म्हणाल्या, "नेनारा सांगून नेते का जी?" काही विचारायचं असलं तर दोन माणसांना वेगवेगळं विचारतात आणि उत्तरं जुळवून बघतात. रत्नपालला फोन करून "जेवला का? का जेवला?" असं विचारायचं, "का" म्हणजे आमच्याकडे काय, आणि मग मला विचारायचं, "तो का जेवला म्हने?"

पण मी त्यांच्यावर पूर्ण रागावूही शकत नाही. त्यांनी बावीस वर्षं बिड्या वळल्या. बिड्या जमा करायला गेलं की तिथला तपासनीस मूठभर बिड्या "खराब" म्हणून बाजूला काढायचा. बायका मान खाली घालून परत यायच्या. लीलाबाईंनी एकदा गुलाबी दोऱ्याऐवजी निळ्या दोऱ्याने बिड्या बांधल्या. तपासनिसाने त्या खराब ठरवल्या. आठ दिवसांनी बाजारात पानठेल्यावर त्यांनी बिड्यांचा एक कट्टा विकत घेतला, सोडला, आणि आत निळा दोरा; त्यांच्याच "खराब" बिड्या. तो कट्टा घेऊन त्या तपासनिसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याची नोकरी गेली. तेव्हापासून सासूबाईंना पक्कं ठाऊक आहे की शोधलं तर सापडतंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; आमच्या सासूबाई पाणीसुद्धा फुंकून पितात.

तर मंगळवारी त्यांचं पोट दुखत होतं. दुखणं लाटांसारखं यायचं. यायचं तेव्हा त्या दात आवळून खांब धरायच्या, आणि गेलं की पुन्हा माझ्याकडे रोखून बघायच्या. दोनदा उलटी झाली. मी अंगणवाडीत मदतनीस बाईंना निरोप दिला आणि ऑटो करून त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे नवीन आलेले डॉक्टर होते, हिमांशू नावाचे. पोरगेलेसे, हसतमुख, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारे. सासूबाईंनी मला दाराबाहेर थांबवलं. "ईच्यासमोर नाई सांगत," म्हणाल्या. मी बाकावर बसून राहिले. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज येत होता, एकदम आज्ञाधारक, घरी कधी न ऐकलेला: "झाला जी... होय जी, रोज... काई अडचन नाई."

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "पोटाला हात लावू देत नाहीयेत, पदर घट्ट धरून ठेवतात. पण गॅस पास होतोय म्हणतात, रोज, दोन्ही वेळ. मतलब रस्ता खुला है. बद्धकोष्ठ वाटतंय. हे पातळ औषध दोन वेळा द्या, पोट साफ होईल. लेकिन भाभी, उलटी वाढली, पोट फुगलं, किंवा गॅस बंद झाला, तर थांबू नका. लगेच आणा."

घरी येऊन मी औषध पेल्यात ओतलं आणि समोर उभी राहिले. माझा राग अजून उतरला नव्हता. "पिऊन दाखवा," मी म्हटलं. त्यांनी वास घेतला, पेला उजेडात धरला, मग म्हणाल्या, "तोंड धुवून येतो," आणि पेला घेऊन न्हाणीकडे गेल्या. रिकामा पेला माझ्या हातात दिला. संध्याकाळी पुन्हा तसंच. मला वाटलं, चला, प्यायल्या.

बुधवारी अंगणवाडीत एकोणतीस लेकरं आली. चाळिसातली अकरा कमी. एकीच्या आईने दारातूनच विचारलं, "खिचडी कोनं शिजवली आज?" मी म्हटलं, रोज शिजवते तीच मदतनीस. तिने लेकरू सोडलं, पण डबा घरचा दिला.  

दुपारी घरी आले तर सासूबाई खाटेवर एका कुशीवर पडलेल्या. पोट घट्ट फुगलेलं, लुगड्याची गाठ सैल केलेली. बादलीत हिरवट उलटी, आणि तिला असा घाण वास की मी नाकाला पदर लावला. त्यांनी डोळे उघडले. "आली का पायाले? मेली का नाई म्हून?"

मी कुंपणाकडे धावले आणि बायजाबाईंना हाक मारली. बायजाबाई गोंड. त्यांच्या घरी सात जनावरं आहेत, आणि गावात कोणाची गाय-म्हैस अडली तर लोक ढोरांच्या डॉक्टरच्या आधी त्यांना बोलावतात. त्या आल्या, हात पुसले, सासूबाईंच्या पोटावर दोन बोटं आपटली. ढब ढब आवाज आला. मग एकदम विचारलं, "लीला, तू पादली का?"

सासूबाईंना वेदनेतही राग आला. "का बोलून रायली वो, लाज वाटते का?"

"बैल फुगला त आमी पयले तेच पायतो. सांग, पादली का?"

"सोमवारपासून नाई," सासूबाई पुटपुटल्या. "परसाकडं बी नाई."

मला पडद्यामागचं बोलणं आठवलं. मग विचारलं, "आई, काल डॉक्टरला तुम्ही म्हणालात, गॅस पास होतो, रोज, दोन्ही वेळ."

"मंग? त्यानं गॅसचं पुसलं."

"तोच गॅस ना!"

"कोनता तोच?" त्या बायजाबाईंकडे बघून म्हणाल्या, "तो डाक्टर सरकारी मानूस. पुसते, गॅस पास झाला का? मी म्हटलं, झाला जी. पुसते, रोज होते का? मी म्हटलं, होय जी, रोज, सकार-सांज. मी का येडी हाये? मागच्या आठवड्यात पंचायतीतून मानूस येऊन गेला ना, कोन सिलिंडर वापरते, कोन नाई वापरत लिहून घ्याले. आपला सिलिंडर साक्षीच्या घरी. खरं सांगतलं असतं त कट केला असता."

साक्षी म्हणजे माझी नणंद, गोंदियाला असते. सरकारी योजनेतला गॅस सासूबाईंच्या नावाने मंजूर झाला, म्हणजे आमच्या भाषेत पास झाला, आणि सिलिंडर गेला लेकीच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे चूल. बिचाऱ्या डॉक्टरने पोटातला वारा विचारला, आणि सासूबाईंनी चौकशी आली समजून शासनाला जबाब दिला.

बायजाबाई हसल्या नाहीत. "अल्का, गाडी बोलाव," म्हणाल्या. "हे बंद पडलं. आतमंधी कुठंतरी गाठ बसली."

मी १०८ ला आणि मग रत्नपालला फोन लावला. गाडी येईपर्यंत तो एक शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी पडद्याबाहेर बसून "झाला जी" ऐकलं होतं. आत जाऊन एकदा विचारलं असतं, काय झाला? पण मी फुगून बसले होते. त्यांचं पोट फुगलं आणि माझं तोंड.

गाडीत चढताना सासूबाईंनी अट घातली. "बायजा संग पायजे. ईच्यासोबत मी एकटी नाई जात." त्यामुळे आम्ही तिघी निघालो, शंभरेक मैलांचा वाटावा असा तो रस्ता. वाटेत दोनदा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, कुठे नेऊन राहिला, आणि मग तेच मला विचारलं. दोघांनीही गोंदिया सांगितलं तेव्हा डोळे मिटले.

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात रत्नपाल दारातच उभा होता, अंगावर मिलचा कोंडा तसाच. तिथल्या सर्जनबाई पन्नाशीच्या, बारीक, आवाज चढवायची सवय नसलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सिलिंडरसकट. त्यांनी कागदावर लिहिलं: तीन दिवस वारा नाही, शौच नाही. पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं. जांघेत हर्निया आहे का ते चाचपून पाहिलं. खालून बोट घालून तपासलं तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांनी शांतपणे हातमोजा काढला आणि म्हणाल्या, "खाली रिकामं आहे. वर तुंबलंय."

मग विचारलं, "आजी, पोटाचं ऑपरेशन झालं होतं कधी?"

"नाई."

सर्जनबाईंनी लुगडं थोडं खाली सरकवलं. बेंबीखाली वीतभर पांढरी उभी रेघ. "मग हे काय?"

"डाक्टर हायेस त तुलेच समजलं पायजे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पायत होती, ईले येते का नाई."

मला रडावं की ओरडावं कळेना. वीस वर्षांपूर्वी त्यांची गर्भपिशवी काढली होती. पिशवीच्या नावाखाली आणखी काय काय काढलं कोणाला ठाऊक, असा त्यांचा तेव्हापासूनचा संशय, म्हणून ते ऑपरेशन त्यांनी कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. नेमकं तेच सांगायला हवं होतं. सर्जनबाईंनी रत्नपालला समजावलं: पोट एकदा उघडलं की आत जुन्या जखमेपाशी चिकट पट्टे तयार होतात, वर्षानुवर्षं काही त्रास देत नाहीत, आणि एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकतं.

एक्स-रेचे दोन फोटो काढले, एक झोपवून, एक दोघींनी धरून उभं करून. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी फोटो काढणाऱ्याला विचारलं, "उभ्यानं कायले? मी उभ्यानं येगरी दिसतो का?" तो म्हणाला, पाणी खाली बसतं, हवा वर जाते, उभं केल्याशिवाय रेघा दिसत नाहीत. परत आल्यावर तोच प्रश्न सर्जनबाईंना. त्यांनी फोटो उजेडाला लावला आणि बोट फिरवलं: फुगलेल्या आतड्यात जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा, प्रत्येक रेघेखाली पाणी, वर हवा. उत्तर जुळलं. सासूबाईंनी सीटी स्कॅनला त्यानंतर हरकत घेतली नाही, फक्त बायजाबाईंना काचेपाशी उभं केलं.

नाकातून नळी घातली तेव्हा पिशवीत हिरवं पाणी भरत गेलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. सर्जनबाई सीटीचा रिपोर्ट घेऊन आल्या. जुन्या टाक्याखाली पट्टा होता, आतडं त्यात दुमडलं होतं, आणि त्या जागेचा रक्तपुरवठा कमी झाल्यासारखा दिसत होता. वाट बघण्यात अर्थ नव्हता. "आजच करावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि ते जुलाबाचं औषध किती वेळा दिलंत?"

"दोनदा," मी म्हटलं.  मी उभी राहून पाजलं होतं.

"एकदा बी नाई," खाटेवरून आवाज आला. "न्हानीत ओतलं. मले वाटलं ईनं त्याच्यात बी काई घातलं असन."

सर्जनबाई म्हणाल्या, "बरं केलंत, आजी. समोर दार बंद असताना मागून ढकललं असतं तर आतडं फुटलं असतं."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चाललं होतं. जन्मभर दुसऱ्यांना पकडणारी ती बाई बहुधा पहिल्यांदाच स्वतःचा हिशोब लावत होती: औषध ओतलं ते बरोबर, पण डॉक्टरला खोटं सांगितलं ते कोणी? ऑपरेशन लपवलं ते कोणी?

रत्नपालने संमतीच्या कागदावर सही केली. त्यात लिहिलं होतं की रुग्ण दगावू शकतो. आत न्यायला माणसं आली, तेव्हा सासूबाईंनी हात वर केला. "थांबा. अल्का, कागद आन एक."

"कशाला आई?"

"लिहाचं हाये. तू नोको लिहू. तू लिहिलं त लोक म्हनतीन ईनंच लिहून घेतलं. सिस्टर लिहीन."

सिस्टरला घाई होती, पण त्यांच्या आवाजाला नाही म्हणणं कठीण. नाकात नळी असल्याने त्या थांबत थांबत बोलल्या. "लिही. मी लीलाबाई हिरालाल. माया सुनेनं मले काई खाऊ घातलं नाई. मीच डाक्टरले खोटं सांगतलं. मी मेली त कोनी ईले काई म्हनू नोका. बायजा, तू आयकली ना? मंगरवारी तुले जे सांगतलं ते खोटं होतं. गावात सांगजो."

बायजाबाईंनी मान हलवली.

"काय खोटं सांगितलं, तेही लिहू का?" सिस्टरने विचारलं. "गॅसचं?"

"नोको!" त्या उठूनच बसल्या असत्या. "गॅसचं नोको लिहू. कट होईन."

सिस्टरने शाईचा पॅड पुढे केला. सासूबाईंनी तो ढकलला. "अंगठ्याचा भरोसा नाई. बेसूद मानसाचा बी घेता येते." आणि प्रौढ वर्गात शिकलेल्या मोठाल्या अक्षरांत, त्यांनी सही केली. बायजाबाईंनी साक्षीदार म्हणून अंगठा दिला. कागद माझ्या हातात देऊन सासूबाई म्हणाल्या, "जपून ठेवजो. लोक लई वाईट रायतेत."

त्यांना आत नेलं आणि मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. मला त्यांचा राग होता, तो तसाच होता, आणि तरी त्या वाचाव्यात म्हणून माझा जीव तीळ तीळ तुटत होता. लोक किती वाईट असतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मरायला निघालेली बाई त्या लोकांपासून मला वाचवायची तजवीज करून गेली होती.

दोन तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. पट्टा कापला होता. आतडं काळपट पडलं होतं, गरम पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून वाट बघितली, आणि रंग परत आला. काही कापावं लागलं नाही. "सकाळपर्यंत थांबला असता तर वेगळी गोष्ट होती," त्या म्हणाल्या. रत्नपालने त्यांचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला, त्या मागे सरकल्या.

दहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. बायजाबाईंनी तोवर गावभर सांगून टाकलं होतं, आणि बायजाबाई खोटं बोलत नाहीत हे गावाला माहीत आहे. अंगणवाडीत अडतीस लेकरं येऊ लागली. दोघांच्या आया अजून लेकरू पाठवत नाहीत. त्यांचं मी काय करू?

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले. सासूबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पेज त्यांनी घेतली, दोन घोट प्यायल्या, आणि वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "तो कागद कुठी हाये?"

"माझ्याकडे आहे."

"वापस दे."

"काऊन?" माझ्याही तोंडून 'का'च्या जागी त्यांचीच बोली निघाली.

"आता मी जित्ती हाये ना. तो कागद तुयाजवर रायला आन उद्या तू खरंच काई घातलं, त तुले कोन धरन? मी आदीच लिहून देल्लं, ईनं नाई घातलं म्हून."

मला संताप आला. मग डोक्यात हळूहळू उजेड पडला की त्यांचं म्हणणं एका अक्षरानेही चुकीचं नाही. त्यावर तारीखसुद्धा नव्हती.

"नाही देत," मी म्हटलं. "तुमचा भरोसा नाही. पुन्हा पोट दुखलं की पुन्हा कुंपणाशी उभ्या राहाल."

 त्यांनी पेजेची वाटी उचलली.

"बराबर हाये," म्हणाल्या. "मी असती त मीपन नसता देल्ला."